तापमानाच्या नकाशावरून सागरी प्रवाह कसे शिकवावेत : नव्या शिक्षकांसाठी मार्गदर्शन

सागरी प्रवाहांचा पाठ बहुतेक वर्गांत नावांपासून सुरू होतो. गल्फ, लॅब्राडोर, कुरोशिओ, ओयाशिओ, बेंग्वेला, हम्बोल्ट अशी यादी फळ्यावर येते, तांबडे बाण म्हणजे उष्ण प्रवाह आणि निळे बाण म्हणजे शीत प्रवाह असे सांगितले जाते, आणि विद्यार्थी ती यादी परीक्षेपुरती पाठ करतात. अशा रीतीने शिकलेल्या विद्यार्थ्यापुढे नावे नसलेला नकाशा ठेवला की तो गप्प बसतो, कारण प्रवाह नेमका तिथेच का आहे आणि तो आहे हे कळते कशावरून, हे दोन प्रश्न त्याला कोणी विचारलेलेच नसतात. म्हणून या लेखात उलटा क्रम सुचवला आहे. आधी सागरपृष्ठाच्या तापमानाचा नकाशा वाचायला शिकवावा, त्यातील विसंगती विद्यार्थ्यांना स्वतः सापडू द्यावी, तिच्यावरून पाणी कुठून कुठे चालले आहे हे त्यांच्याकडूनच काढून घ्यावे आणि नावे सर्वांत शेवटी सांगावीत. माध्यमिक वर्गांसाठी हा भाग सहा ते आठ तासांत नीट होतो.

या क्रमाला इतिहासाचाही आधार आहे. टपाल घेऊन अमेरिकेकडे येणारी जहाजे गल्फ प्रवाहाच्या विरुद्ध जात राहत आणि व्यापारी जहाजांपेक्षा उशिरा पोहोचत. त्याचे कारण शोधताना बेंजामिन फ्रँकलिन यांनी नँटकेटचे कप्तान आणि त्यांचे नातेवाईक टिमथी फोल्जर यांच्या मदतीने १७६९-७० च्या सुमारास या प्रवाहाचा नकाशा तयार करून घेतला. पुढे १७७५ मधील प्रवासात फ्रँकलिन यांनी समुद्राच्या पाण्यात तापमापी बुडवून नोंदी घेतल्या, कारण जहाज प्रवाहात शिरले की नाही हे पाण्याच्या तापमानावरून ओळखता येईल हे त्यांनी हेरले होते. भर समुद्रात पाणी एका दिशेने सरकते आहे हे डोळ्यांना कळत नाही, पण तापमान मोजता येते. विद्यार्थ्यांनाही याच वाटेने नेणे सोयीचे आहे.

वर्गात जाण्यापूर्वी

पाण्याच्या तीन हालचालींतला फरक शिक्षकाच्या मनात पक्का असावा, कारण पहिल्याच तासाला गोंधळ इथेच होतो. लाटेत ऊर्जा पुढे जाते. पाण्याचा कण मात्र जवळजवळ वर्तुळाकार फिरून आपल्या मूळ जागेच्या आसपास परत येतो. भरती-ओहोटी चंद्र आणि सूर्याच्या आकर्षणामुळे ठरावीक कालांतराने होते आणि तिच्यामुळे निर्माण होणारा ओघ काही तासांनी दिशा बदलतो. प्रवाहात मात्र पाणी स्वतःच महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे साधारण एकाच दिशेने जात राहते. विद्यार्थ्यांना हा फरक व्याख्येपेक्षा घटनेतून लवकर पटतो. जानेवारी १९९२ मध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये एका मालवाहू जहाजावरून सुमारे २८,८०० प्लॅस्टिकची तरंगती खेळणी समुद्रात पडली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांतली काही अलास्कातील सिटका गावाच्या किनाऱ्याला लागली. समुद्रात फक्त लाटाच असत्या तर ती खेळणी पडली त्या जागेच्या आसपासच वर-खाली होत राहिली असती, एवढे वाक्य पुरते. खेळण्यांवर वाऱ्याचाही थोडा जोर चालला असणार, हे एखादा चौकस विद्यार्थी लक्षात आणून देतो. तसे झाल्यास त्याचे कौतुक करावे, कारण तो मुद्दा बरोबर आहे.

साहित्य थोडे लागते. जगाचे कोरे नकाशे, फेब्रुवारी आणि ऑगस्ट या दोन महिन्यांच्या सरासरी सागरपृष्ठ तापमानाचे छापील नकाशे, दोन पारदर्शक पेले, मीठ, खाण्याचा रंग घालून गोठवलेले बर्फाचे खडे, एक पसरट ताट आणि पुठ्ठ्याची एक चकती एवढे हाताशी असावे. इंटरनेटची सोय असल्यास 'अर्थ नलस्कूल' या संकेतस्थळावर समुद्राचा पर्याय निवडून प्रवाहांची हलती चित्रे आणि त्यांच्याखाली तापमानाचा थर, दोन्ही एकत्र पाहता येतात. तथापि पहिल्या तासाला ते दाखवू नये. उत्तर आधी दिसले की अंदाज करण्याचा उत्साह मावळतो.

पहिली पायरी : अंदाज आधी, नकाशा नंतर

प्रत्येक जोडीला जगाचा कोरा नकाशा द्यावा आणि सूचना एकच द्यावी : समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान जिथे समान असेल असे वाटते, तिथून ५, १०, १५, २० आणि २५ अंश सेल्सिअसच्या समताप रेषा काढाव्यात. जवळजवळ सर्वच विद्यार्थी अक्षांशवृत्तांना समांतर, पूर्व-पश्चिम सरळ रेषा काढतात. त्यांचा तर्क चुकीचा नसतो. सूर्याची उष्णता विषुववृत्ताजवळ जास्त आणि ध्रुवांकडे कमी मिळते, त्यामुळे पाणी स्थिर असते आणि मध्ये जमीन नसती तर समताप रेषा खरोखरच तशा दिसल्या असत्या. शिक्षकाने हे मोकळेपणाने सांगावे आणि मगच फेब्रुवारीचा खरा नकाशा वाटावा.

आता काम एवढेच, की खरी रेषा आपल्या रेषेपासून जिथे जिथे लक्षणीय दूर गेली आहे, तिथे विद्यार्थ्यांनी पेन्सिलीने गोल करावा. साधारण चार-पाच जागा बहुतेक जोड्यांना सापडतात. उत्तर अटलांटिकमध्ये १० अंशांची रेषा अमेरिकेच्या बाजूला ४० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असते आणि आयर्लंडच्या बाजूला ५० अंशांच्याही उत्तरेला चढते. अमेरिकेच्या किनाऱ्याबाहेर सर्व रेषा एकमेकींना चिकटून आलेल्या दिसतात, तर युरोपच्या बाजूला त्या पंख्यासारख्या पसरतात. पेरू आणि नामिबियाच्या किनाऱ्यांना लागून थंड पाण्याचे पट्टे विषुववृत्ताच्या दिशेने घुसलेले असतात. पॅसिफिकच्या विषुववृत्तावर पश्चिमेचे पाणी २८-२९ अंशांचे, तर पूर्वेचे त्यापेक्षा कितीतरी थंड असते.

या टप्प्यावर कारणे सांगण्याचा मोह आवरावा. फळ्यावर फक्त जागा लिहाव्यात आणि प्रत्येक जागेपुढे 'अपेक्षेपेक्षा उष्ण' किंवा 'अपेक्षेपेक्षा थंड' एवढेच नोंदवावे. हाच तक्ता पुढच्या सर्व तासांचा पाया आहे, म्हणून तो पुसू न देता मोठ्या कागदावर उतरवून भिंतीवर लावणे चांगले. उष्ण आणि शीत प्रवाह ही विभागणीसुद्धा याच तक्त्यातून आपोआप समजते. प्रवाहाचे पाणी त्याच अक्षांशावरील आजूबाजूच्या पाण्यापेक्षा उष्ण असेल तर तो उष्ण प्रवाह, थंड असेल तर शीत. उत्तरेकडच्या उष्ण प्रवाहाचे पाणी आठ अंशांचे आणि उष्ण कटिबंधातल्या शीत प्रवाहाचे पाणी अठरा अंशांचे असू शकते. हे उदाहरण आकड्यांसह दिल्याशिवाय विद्यार्थ्यांचा विश्वास बसत नाही.

दुसरी पायरी : रंग, मोजपट्टी आणि मोजमाप

तापमानाचे नकाशे रंगीत असतात आणि रंग फसवतात. नकाशावर तांबडे दिसले की विद्यार्थी ते पाणी गरम आहे असे समजतात. प्रत्यक्षात मोजपट्टी शून्य ते ३० अंशांची आहे की ३० वर्षांच्या सरासरीपासूनचा फरक दाखवणारी आहे, यावर सगळे अवलंबून असते. दुसऱ्या प्रकारच्या नकाशात आर्क्टिकजवळचे सहा अंशांचे पाणीही लालभडक दिसू शकते, कारण ते तिथल्या नेहमीच्या तापमानापेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त असते. त्यामुळे कोणताही नकाशा वाचण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी मोठ्याने सांगाव्यात असा नियम घालावा : नकाशा कोणत्या दिवसाचा किंवा महिन्याचा आहे, मोजपट्टी तापमानाची आहे की फरकाची, आणि एका रंगाचा अर्थ किती अंश. इंद्रधनुषी रंगपट्टीत पिवळ्याजवळ डोळ्यांना उगाचच सीमारेषा भासते आणि तिथे प्रवाहाची कड आहे असा समज होतो. शक्य असल्यास एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटांचा नकाशा निवडावा.

ही तापमाने मोजली कशी, हे सांगायला अर्धा तास द्यावा, कारण त्यावर विद्यार्थी चांगले प्रश्न विचारतात. पूर्वी जहाजावरून बादली टाकून पाणी वर काढीत आणि त्यात तापमापी धरीत. नंतर इंजिन थंड करण्यासाठी आत घेतल्या जाणाऱ्या पाण्याचे तापमान नोंदले जाऊ लागले. बादलीतले पाणी वर येईपर्यंत थोडे थंड होते आणि इंजिनाजवळचे थोडे तापते, त्यामुळे जुन्या नोंदी एकत्र जोडताना दुरुस्ती करावी लागते. १९८१ पासून उपग्रहांच्या नोंदींतून अखंड दैनिक नकाशे तयार केलेले मिळतात. अमेरिकेच्या नोआ या संस्थेचा पाव अंशाच्या जाळीवरचा दैनिक संच सर्वांना खुला आहे आणि वर्गासाठी तो पुरेसा आहे. अवरक्त किरणांनी मोजणारा उपग्रह पृष्ठभागाच्या मिलिमीटरहूनही पातळ थराचे तापमान पाहतो आणि ढग आडवे आले की त्याला काही दिसत नाही. सूक्ष्मतरंगांनी मोजणारा उपग्रह ढगांतून पाहू शकतो, पण त्याचे चित्र बरेच ढोबळ असते. निवांत, वारा नसलेल्या दुपारी हा वरचा थर खालच्या पाण्यापेक्षा काही अंशांनी तापलेला असू शकतो, म्हणून अनेक अभ्यासांत रात्रीच्या नोंदी पसंत करतात.

पृष्ठभागाखालचे मोजण्यासाठी 'आर्गो' नावाचे सुमारे ४,००० तरंगते यंत्रसंच जगभरच्या समुद्रांत सोडलेले आहेत. असा एक यंत्रसंच १,००० मीटर खोलीवर वाहत राहतो, साधारण दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत खाली उतरतो आणि तिथून वर येताना तापमान व क्षारता मोजत येतो. पृष्ठभागावर आल्यावर तो आपली माहिती उपग्रहाकडे पाठवतो. तो वर आला त्या दोन लागोपाठच्या जागांमधील अंतरावरून खोल पाण्याचा वेगही काढता येतो. गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण सोडवायला द्यावे.

तिसरी पायरी : दोन पेल्यांचा प्रयोग

घनतेचा भाग तोंडी समजावण्यात वेळ घालवू नये, प्रयोगच करावा. दोन सारखे पारदर्शक पेले घ्यावेत. दोन्हींत खोलीच्या तापमानाचे सारखेच पाणी असावे, पण एका पेल्यात लिटरमागे ३५ ग्रॅम या प्रमाणात मीठ पूर्ण विरघळवलेले असावे. समुद्राची सरासरी क्षारता एवढीच असते. पाणी पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबावे आणि मग प्रत्येकात निळा रंग घालून गोठवलेला, सारख्याच आकाराचा बर्फाचा खडा अलगद सोडावा. बर्फ कोणत्या पेल्यात आधी वितळेल, याचे उत्तर विद्यार्थ्यांकडून आधी लिहून घ्यावे. मीठ घातले की बर्फ लवकर वितळतो हे त्यांनी ऐकलेले असते, त्यामुळे बहुसंख्य विद्यार्थी खाऱ्या पाण्याचा पेला निवडतात.

घडते ते उलट. गोड्या पाण्यात खड्याच्या खालून निळ्या रंगाचे धागे सुटतात, वळसे घेत तळाला जातात आणि तिथे पसरतात. थंड वितळपाणी जड असल्यामुळे ते बुडते, त्याच्या जागी वरून आणि बाजूंनी कोमट पाणी खड्याकडे येते आणि खडा भराभर झिजतो. खाऱ्या पाण्यात मात्र निळे पाणी खाली जातच नाही. ते थंड असले तरी गोडे आहे, आणि मिठाचे पाणी त्यापेक्षा जड आहे, त्यामुळे खड्याभोवती पृष्ठभागावरच निळा थर साचतो, तळचे पाणी शेवटपर्यंत पारदर्शक राहते आणि कोमट पाणी खड्यापर्यंत पोहोचत नसल्यामुळे तो बराच वेळ टिकतो. पेल्याला हात लावू देऊ नये, कारण थोड्याशा धक्क्यानेही थर मिसळतात. वर्गातला पंखा बंद असल्याचीही खात्री करावी.

या एका प्रयोगातून दोन गोष्टी हाती येतात. पाण्याची घनता तापमान आणि क्षारता या दोहोंवर ठरते, आणि घनतेतील फरकामुळे कोणीही न ढकलता पाणी चालू लागते. इथेच एक गैरसमज दूर करावा. चार अंशांना पाणी सर्वांत जड असते हा नियम गोड्या पाण्याचा आहे. ३५ ग्रॅम क्षारतेचे समुद्रजल गोठणबिंदूपर्यंत, म्हणजे उणे १.८ अंशांच्या आसपासपर्यंत, जड होतच जाते. समुद्रजल गोठते तेव्हा बर्फ बरेचसे मीठ बाहेर टाकतो आणि उरलेले पाणी आणखी जड होते. ध्रुवीय समुद्रांतले पाणी तळापर्यंत का बुडू शकते, याचे उत्तर यात आहे.

चौथी पायरी : वारा आणि फिरणारी पृथ्वी

पृष्ठभागावरचे मोठे प्रवाह मुख्यतः वाऱ्यामुळे चालतात. पसरट ताटात पाणी घेऊन त्यावर कागदाचे बारीक कपटे टाकावेत आणि एका बाजूने नळीतून हळू, सलग फुंकावे. कपटे समोरच्या काठापर्यंत जातात, तिथे दोन्ही बाजूंना फुटतात आणि कडेकडेने परत येतात. काठ म्हणजे खंड आणि फुंकर म्हणजे उष्ण कटिबंधात पूर्वेकडून सतत वाहणारे व्यापारी वारे, एवढे सांगितले की उरलेले विद्यार्थीच बोलतात.

मात्र ताटात न दिसणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पृथ्वीचे परिवलन. त्यासाठी पुठ्ठ्याची चकती मध्यभागी टाचणीवर बसवावी. एका विद्यार्थ्याने ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सावकाश फिरवावी आणि दुसऱ्याने स्थिर धरलेल्या पट्टीच्या कडेने केंद्रापासून बाहेर सरळ रेघ ओढावी. रेघ सरळ ओढलेली असूनही चकतीवर तिचा माग उजवीकडे वळलेला उमटतो. उत्तर ध्रुवावरून पाहिल्यास पृथ्वी याच दिशेने फिरते, म्हणून उत्तर गोलार्धात वाहते पाणी उजवीकडे वळते. चकती उलटी फिरवली की दक्षिण गोलार्ध मिळतो. विषुववृत्तावर हा परिणाम शून्य असतो. मोरीतले पाणी दोन्ही गोलार्धांत वेगवेगळ्या दिशांना फिरते का, हा प्रश्न हमखास येतो. मोरीसारख्या लहान भांड्यात हा परिणाम इतका क्षीण असतो की पाण्याची दिशा भांड्याच्या आकारावर आणि पाण्याच्या आधीच्या हालचालीवरच ठरते, हे स्पष्ट सांगावे.

१८९३ ते १८९६ या काळात फ्रिट्योफ नान्सेन यांचे 'फ्राम' हे जहाज आर्क्टिकच्या बर्फात अडकून वाहत होते, तेव्हा बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता तिच्या उजवीकडे सरकतो असे त्यांनी पाहिले. त्याचे गणित वाल्फ्रिड एकमन यांनी मांडले आणि १९०५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. वाऱ्याने ढकललेल्या संपूर्ण थराचे एकूण वहन वाऱ्याच्या दिशेशी काटकोनात होते, हा त्यातला शिकवण्याजोगा निष्कर्ष आहे. समीकरणे माध्यमिक वर्गात आणू नयेत. काटकोनाचा नियम मात्र जरूर द्यावा, कारण भिंतीवरच्या तक्त्यातल्या दोन नोंदी त्याने लगेच सुटतात.

पहिली नोंद नामिबियाची आणि पेरूची. तिथे वारा किनाऱ्याला समांतर, विषुववृत्ताकडे वाहतो. दक्षिण गोलार्धात पाणी डावीकडे वळते, म्हणजे किनाऱ्यापासून दूर समुद्रात जाते, आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते. त्यामुळे ही थंडी केवळ ध्रुवाकडून वाहून आलेली नसते. तिचा मोठा वाटा खालून येतो, आणि पाठ्यपुस्तकातल्या निळ्या बाणात तो दिसत नाही. हे पटवण्यासाठी आफ्रिकेचे दोन किनारे शेजारी ठेवावेत. नामिबियातील वॉल्विस बे आणि मोझांबिकमधील इन्हांबाने ही दोन्ही बंदरे दक्षिणेला २३-२४ अंशांच्या दरम्यान आहेत. पहिल्याजवळचे पाणी वर्षभर बहुधा २० अंशांच्या आत असते, दुसऱ्याजवळचे वर्षाचा बराच काळ २३ अंशांच्या वर. वॉल्विस बेच्या मागे नामिबचे वाळवंट आहे, कारण थंड पाण्यावरची हवा धुके देते पण वर चढून पाऊस पाडत नाही. खालून येणारे पाणी पोषक द्रव्ये आणते, म्हणून पेरू आणि नामिबियाच्या किनाऱ्यांवर मासळी विपुल असते. गॅलापागोस बेटांवर, थेट विषुववृत्तापाशी, पेंग्विन का राहू शकतात हा प्रश्न गृहपाठाला द्यावा.

दुसरी नोंद अटलांटिकची. व्यापारी वारे आणि मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून येणारे पश्चिमी वारे यांच्यामध्ये काटकोनाच्या नियमाने पाणी महासागराच्या मध्याकडे लोटले जाते, तिथे पृष्ठभाग सुमारे मीटरभर उंचावतो आणि त्या उंचवट्याभोवती पाणी उत्तर गोलार्धात घड्याळाच्या दिशेने फिरत राहते. या चक्राची पश्चिम बाजू अरुंद आणि वेगवान असते, पूर्व बाजू रुंद आणि संथ. गल्फ प्रवाह साधारण १०० किलोमीटर रुंद आणि काही ठिकाणी सेकंदाला दोन मीटरपर्यंत वेगवान आहे, तर खुल्या समुद्रात बहुतेक ठिकाणी पाणी सेकंदाला दहा-वीस सेंटिमीटरच सरकते. पश्चिम बाजू अरुंद का, याचे पूर्ण कारण वरच्या वर्गांसाठी राखून ठेवावे. अक्षांशानुसार वळण्याचा परिणाम बदलतो त्यामुळे, एवढे पुरेसे आहे. समताप रेषा अमेरिकेच्या बाजूला एकमेकींना चिकटल्या होत्या, त्याचा उलगडा इथे होतो. तिथे दक्षिणेकडून आलेले उष्ण पाणी आणि लॅब्राडोरचे थंड पाणी एकमेकांना भिडतात.

नावे आता द्यावीत. विद्यार्थी ती लगेच उचलतात.

हवामानाशी संबंध जोडताना जरा जपून बोलावे. लॅब्राडोरमधील नेन आणि स्कॉटलंडमधील एडिनबरा साधारण एकाच अक्षांशावर आहेत. जानेवारीचे सरासरी तापमान नेनला उणे १५ अंशांच्याही खाली, तर एडिनबराला शून्याच्या वर चार अंशांच्या आसपास असते. या फरकाचे सारे श्रेय गल्फ प्रवाहाला देण्याची पद्धत आहे आणि ती अर्धवट आहे. दोन्हीकडे वारे मुख्यतः पश्चिमेकडून येतात. एडिनबराला ते समुद्रावरून येतात आणि नेनला गोठलेल्या खंडावरून. समुद्राच्या वरच्या अडीच-तीन मीटर पाण्यात सगळ्या वातावरणाइतकी उष्णता धरण्याची क्षमता आहे, त्यामुळे उन्हाळ्यात साठवलेली उष्णता हिवाळाभर परत देणारा समुद्र जवळ असणे हेच मोठे कारण ठरते. प्रवाह त्यात भर घालतो.

पाचवी पायरी : बारा महिन्यांचे आकडे

इथवर विद्यार्थी स्थिर नकाशावर काम करतात. आता त्यांना एकाच जागेचे बारा महिन्यांचे सरासरी तापमान देऊन आलेख काढायला सांगावे. त्यासाठी दोन जागा निवडाव्यात : एक उत्तर अटलांटिकच्या मध्यातली आणि एक मध्य अरबी समुद्रातली. अटलांटिकचा आलेख अपेक्षेप्रमाणे येतो, उन्हाळ्याअखेर एक शिखर आणि हिवाळ्याअखेर एक दरी. अरबी समुद्राच्या आलेखाला मात्र दोन शिखरे असतात. तिथले पाणी मे महिन्यात सर्वाधिक तापते, जून ते ऑगस्टमध्ये म्हणजे उत्तर गोलार्धाच्या ऐन उन्हाळ्यात थंड होते, ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा थोडे तापते आणि हिवाळ्यात उतरते.

आकडे चुकले असावेत असे विद्यार्थ्यांना वाटते. तसे वाटू द्यावे आणि चौथ्या पायरीवरच्या नियमानेच उत्तर शोधायला लावावे. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरदार असतात. ते बाष्पीभवन वाढवतात, पाणी घुसळून खालचे थंड पाणी वर मिसळतात आणि ढगांमुळे ऊनही कमी मिळते. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांना हे वारे साधारण समांतर वाहतात, उत्तर गोलार्धात पाणी उजवीकडे म्हणजे किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि खालचे पाणी वर येते. सोमालियाजवळ त्या काळात पाणी काही ठिकाणी २० अंशांच्या आसपास उतरते. शिवाय सोमाली प्रवाह नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ईशान्येकडे आणि हिवाळ्यात नैर्ऋत्येकडे वाहतो. ऋतूंबरोबर एवढा मोठा प्रवाह दिशा बदलतो हे पाहिल्यावर नकाशातले बाण कायमचे नसतात हे वेगळे सांगावे लागत नाही. माझ्या मते संपूर्ण पाठात सर्वांत जास्त वेळ या आलेखाला द्यावा.

सहावी पायरी : एल निनो, आणि थोडे खोल पाणी

पॅसिफिकच्या विषुववृत्तावर पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे उष्ण पाणी पश्चिमेला लोटतात, इतके की पश्चिमेला समुद्राची पातळी पूर्वेपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते आणि पूर्वेला थंड पाणी वर येते. वारे मंदावले की हे उष्ण पाणी पूर्वेकडे पसरते. हीच एल निनोची स्थिती. तिचा मागोवा घेण्यासाठी ५ अंश उत्तर ते ५ अंश दक्षिण आणि १७० ते १२० अंश पश्चिम रेखांश या चौकटीतील तापमानाचा सरासरीपासूनचा फरक पाहतात आणि तो अर्धा अंश किंवा अधिक झाला व टिकला तर एल निनो मानतात. डिसेंबर १९९७ किंवा डिसेंबर २०१५ चा फरक दाखवणारा नकाशा आणि नेहमीच्या वर्षाचा नकाशा शेजारी ठेवून विद्यार्थ्यांनी ती चौकट स्वतः आखावी. अर्धा अंश म्हणजे काहीच नाही, असे कोणीतरी म्हणतेच. चौकट पूर्व-पश्चिम साडेपाच हजार किलोमीटर लांब आहे, हे त्याच्याकडूनच मोजून घ्यावे.

खोल पाण्याच्या अभिसरणाला एक तास पुरतो. उत्तर अटलांटिकमध्ये आणि अंटार्क्टिकाभोवती थंड, खारे पाणी बुडते, तळातून पसरते आणि फार सावकाश वर येते. या फेरीला शेकडो ते हजार वर्षांच्या आसपासचा काळ लागतो. दोन पेल्यांचा प्रयोग इथे आठवून द्यावा : बर्फ वितळून पृष्ठभागावर गोडे पाणी साचले तर बुडण्याची क्रिया अडते, म्हणूनच या अभिसरणाच्या भवितव्याबद्दल शास्त्रज्ञांना काळजी वाटते. अटलांटिकमध्ये २६.५ अंश उत्तर अक्षांशावर २००४ पासून त्याचे सलग मोजमाप चालू आहे.

मूल्यमापन

प्रवाहांची नावे लिहा, हा प्रश्न टाळावा. त्याऐवजी एक काल्पनिक महासागर द्यावा, ज्यात खंडांचे आकार खऱ्या जगाशी जुळत नाहीत. विषुववृत्त, व्यापारी वारे आणि पश्चिमी वारे त्यावर दाखवावेत आणि विद्यार्थ्यांना प्रवाहांची चक्रे, उष्ण व थंड किनारे आणि २० अंशांची समताप रेषा काढायला सांगावी. गुण देताना रेषा किती रेखीव आहे याकडे पाहू नये. रेषेचे प्रत्येक वळण कशामुळे आले, याचे एका वाक्यातले कारण बाजूला लिहून घ्यावे आणि त्यालाच गुण द्यावेत. दक्षिण गोलार्धातले चक्रही घड्याळाच्या दिशेनेच काढणे, थंड पट्टा खंडाच्या पूर्व किनाऱ्याला दाखवणे आणि समताप रेषा दोन्ही बाजूंना सारखीच वाकवणे, या चुका सर्वाधिक आढळतात. पहिल्या दोन चुका करणाऱ्यांना पुठ्ठ्याची चकती पुन्हा हातात द्यावी. तिसरी चूक करणाऱ्याला अटलांटिकचा फेब्रुवारीचा नकाशा परत देऊन, दोन्ही किनाऱ्यांवर ४५ अंश अक्षांशाजवळ किती तापमान आहे ते वाचायला सांगावे.